शाम्पू सोडला, पुढे काय झालं? : शिकेकाई, बोअरचं पाणी आणि माझे आठ महिने

(या भागाचा लेखी उतारा. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय. हेडफोन नसतील तर वाचा.)

आजचा भाग वाशीमहून, माझ्या घरच्या माळ्यावरून. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या.

गेल्या काही भागांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला, "शाम्पू सोडल्यावर केस गळायचे थांबतात का?" मी स्वतः आठ महिने शाम्पू सोडून बघितला. त्यात काही चांगलं झालं आणि एक मोठी चूकही झाली. दोन्ही सांगतो.

[०१:१०] सुरुवात बुलढाण्यापासून

जानेवारी २०२५ आठवतोय? आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि काही दिवसांत टक्कल. बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांना. टीव्हीवाल्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' असं नाव देऊन टाकलं. व्हायरस वगैरे काही सापडला नव्हता, नाव मात्र चिकटलं.

पहिला संशय दोन गोष्टींवर गेला, पाणी आणि शाम्पू. पाण्याच्या तपासणीत नायट्रेट जास्त निघालं. शाम्पूबद्दल तर व्हॉट्सॲपवर फॉरवर्डचा पूर आला. आमच्या घरी आईनं तो मेसेज वाचला आणि बाथरूममधली अर्धी भरलेली बाटली मोरीत रिकामी केली. मला विचारलंही नाही.

पुढे तपासाची दिशा बदलली. आयसीएमआरचं पथक आलं. फेब्रुवारीत डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने तपासून घेतले. हेच ते महाडचे, विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर नाव असलेले आणि २०२२ साली पद्मश्री मिळालेले डॉक्टर. त्यांचं म्हणणं असं, की रुग्णांच्या शरीरात सेलेनियम खूप वाढलेलं आहे आणि ते रेशनच्या गव्हातून आलेलं असावं. सेलेनियम शरीराला अगदी किंचित लागतं. जास्त झालं तर आधी केस जातात आणि नखंही जातात. काही महिन्यांनी त्याच भागातून नखं गळण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा मला हे पुन्हा आठवलं. म्हणजे ज्या बाटलीवर सगळ्यांनी बोट ठेवलं, तिचा यात फारसा संबंधच दिसला नाही.

पण हे सगळं नंतर कळलं. तोवर आमची बाटली मोरीतून गेली होती. आणि खरं सांगू का, मला ते बरंच वाटलं होतं. दोन वर्षांपासून माझे पुढचे केस विरळ होत होते, घरात स्थळं बघणं सुरू होतं. कुणीतरी गुन्हेगार सापडला याचाच आनंद!

[०३:४५] 'शाम्पू' हा शब्द आपलाच

एक गंमत सांगतो. शाम्पू हा शब्द 'चांपना'वरून आला, म्हणजे डोकं दाबणं, चंपी करणं. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद नावाचे गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटनला गेले. तिथे त्यांनी वाफेचं स्नान आणि मालीश सुरू केलं. राजा चौथा जॉर्जसुद्धा त्यांचं गिऱ्हाईक होता. तेव्हा 'शाम्पू करणं' म्हणजे मालीश करणं. केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला.

आपल्या गावात शाम्पू आला तो पुडीतून. तामिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी पुडीची कल्पना आणली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये फक्त पंधरा हजार रुपयांवर 'चिक' सुरू केला. किराणा दुकानात दोरीला लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा तुम्ही पाहिल्यात ना? त्याची सुरुवात तिथली. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला बाटली परवडत नव्हती, पुडी परवडली.

त्याआधी आमच्याकडे काय होतं? आजी सांगते, "शिकेकाई सणाले. एरवी काळी माती, नाहीतर ताक." काळ्या मातीत बारीक चिकण कण असतात, ते तेल शोषून घेतात. मुलतानी मातीचं कामही तसंच.

[०५:५०] आधी पाणी समजून घ्या

मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे आधी मोजमाप. ऑनलाइन टीडीएस मीटर मागवलं. आरओच्या पाण्याचं रीडिंग साठच्या आसपास, बोअरचं आठशेच्या वर. मला वाटलं, सापडलं! पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच. केसांशी संबंध आहे तो त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, म्हणजे कठीणपणाचा. शाळेत आपण त्याला 'दुष्फेन पाणी' म्हणायचो, घरी 'खारं पाणी' म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. वाशीम शहराला नळाचं पाणी एकबुर्जी धरणातून येतं, पण नळ रोज कुठे येतो? मग बोअरवरच आंघोळ.

घरच्या घरी तपासायचं असेल तर दोन बाटल्या घ्या. एकीत आरओचं पाणी, एकीत बोअरचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच किस टाका आणि हलवा. एकीत फेस येईल, दुसरीत पांढरट साका तयार होईल. तोच साका केसांवर बसतो. केस चिकट, राठ लागतात आणि फणी अडकते. म्हणून खाऱ्या पाण्यात अंगाच्या साबणानं डोकं कधीच धुऊ नका. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात. डोक्याची त्वचा साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. अल्कधर्मी काही लावलं की केसावरचे खवले उघडतात आणि केस एकमेकांत गुंततात.

शाम्पू जिंकला तो इथेच. त्यातली सल्फेटवाली द्रव्यं खाऱ्या पाण्यातही फेस देतात आणि साका करत नाहीत. तोटा असा, की काहींच्या त्वचेला ती जास्त कोरडी करतात.

[०८:२०] माझे प्रयोग, चुकांसकट

पहिला प्रयोग रील बघून, खायचा सोडा. दोनदा केला. केस झाडूसारखे झाले आणि डोकं आग आग. सोडाही अल्कधर्मीच, म्हणजे साबणाचीच चूक दुसऱ्या डब्यातून. करू नका.

दुसरा प्रयोग, बेसन. तेल निघतं, पण खालचं पीठ धुऊन काढायला अर्धी टाकी लागते. मीटिंगमध्ये कॅमेरा चालू होता आणि कानामागून पिवळा कण पडला. पुढचं सांगत नाही.

तिसऱ्या आठवड्यात आजीनं मला बघितलं. "काहून रे बाबू, डोस्कं असं मेणावानी दिसून रायलं? इकडं ये." तिनं मला न्हाणीत पाटावर बसवलं. सहावीनंतर पहिल्यांदा कुणीतरी माझं डोकं धुतलं. तिची बोटं आता वाकडी झालीत, जोर राहिला नाही. तरी ती मान, कानामागची जागा, काही सोडत नव्हती. "डोये मीट, रिठा झोंबते," इतकंच बोलत होती.

आजीची कृती अशी. आखूड केसांसाठी सात-आठ शिकेकाईच्या शेंगा, तीन रिठे, एक मूठ आवळकाठी आणि चमचाभर मेथी. शेंगांतलं आणि रिठ्यांतलं बी काढून टाका, रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करा आणि सुती फडक्यातून गाळा. गाळणं टाळू नका, नाहीतर चोथा केसांत अडकतो. पाणी शक्यतो आरओचं किंवा पावसाचं घ्या. उरलेलं फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, मग आंबतं. शिकेकाई घरी कुटत असाल तर नाकाला रुमाल बांधा, पूड नाकात गेली की शिंका थांबत नाहीत.

हे काम कसं करतं? रिठा आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. शाम्पूचंही तत्त्व हेच, फक्त हे सौम्य आहे. सॅपोनिनचा साका होत नाही आणि शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून केस गुंतत नाहीत. सोनार दागिने रिठ्यानं धुतात, रेशमी कापडालाही रिठा वापरतात, ते उगाच नाही. फेस कमी येतो, पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. ती सवय आपल्याला जाहिरातींनी लावली.

बाजारातल्या 'शिकेकाई शाम्पू'बद्दल एकच सूचना. मागचं लेबल वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. शिकेकाई शेवटच्या ओळीत असेल, तर तो नेहमीचाच शाम्पू समजा.

[११:३०] 'केसांना सवय होते' हे खरं का?

नेटवर सगळे सांगतात, की महिनाभर तेलकट राहा, मग डोकं आपोआप तेल कमी करतं. मीही वाट बघितली. पण तेलाच्या ग्रंथी चालतात हार्मोन्सवर. तुम्ही डोकं कितीदा धुतलं, हे त्यांना कळत नाही. मग सहा आठवड्यांनी मला बरं का वाटलं? एक, माझा हात बसला, गाळणं आणि चोळणं जमायला लागलं. दुसरं, थोडासा तेलकटपणा मला खटकेनासा झाला. सवय मला झाली, केसांना नाही.

अजून एक घोटाळा. रोज पन्नास ते शंभर केस गळणं सामान्य आहे. रोज धुतलं तर ते थोडेथोडे जातात. आठवड्यातून एकदा धुतलं तर सगळे एकदम हातात येतात आणि काळजाचा ठोका चुकतो. मधल्या दिवसांत कमी गळले म्हणून मी खूश, धुण्याच्या दिवशी रडवेला. आकडा एकूण तोच होता.

[१३:१५] आता माझी मोठी चूक

चौथ्या महिन्यात कोंडा वाढला. भुवयांमध्ये आणि नाकाच्या कडेलाही पिवळट खपल्या. मी काय केलं? खोबरेल तेल वाढवलं, कारण 'नैसर्गिक'. खोबरेल केसाच्या काडीला चांगलं आहे, धुताना केसातलं प्रथिन कमी जातं हे प्रयोगात दिसलंय. पण असा कोंडा वाढवणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. मी तिला रोज जेवण वाढत होतो.

आठव्या महिन्यात शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. कोंडा म्हणजे सेबोऱ्हिक डर्मटायटिस, त्यावर किटोकोनाझोलचा औषधी शाम्पू, आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा. आणि पुढचे केस विरळ होतायत ते वंशाचं, पुरुषी पद्धतीचं टक्कल. केसाचं मूळ त्वचेच्या आत तीन-चार मिलिमीटर असतं. दोन मिनिटं वर राहून वाहून जाणारा शाम्पू ते टक्कल आणत नाही आणि शिकेकाई ते थांबवत नाही. औषधं आहेत, पण ती मुख्यतः आहेत ते केस टिकवतात, गेलेले सगळे परत आणत नाहीत. "थोडं आधी यायला हवं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

थोडं आधी. म्हणजे ते आठ महिने. बाहेर येऊन गाडीवर बसलो आणि बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्यांचं टक्कल मी रोज बघत होतो की! मला उत्तर माहीत होतं. शाम्पूला दोष देणं सोपं होतं, कारण बाटली फेकता येते. कोडिंगमध्ये आपण ज्युनिअरला सांगतो, बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदल. मी पाणी, तेल, धुण्याचं द्रव्य, सगळं एकदम बदललं आणि लॉग वाचलाच नाही.

[१६:००] मग आता मी काय करतो?

आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पूनं सुरुवात केली. कोंडा आटोक्यात आल्यावर डॉक्टरांना विचारून तो कमी केला. मधल्या धुण्याला आजीची शिकेकाई. शेवटचे दोन मग आरओच्या पाण्याचे. तेल लावलं तर फक्त केसांच्या टोकांना, टाळूला नाही. टकलाची औषधं सुरू आहेत. ती कुणाचं ऐकून मेडिकलमधून आणू नका, डॉक्टरांना विचारूनच घ्या.

तुमच्यासाठी थोडक्यात. डोकं निरोगी असेल, केस कोरडे होत असतील, तर शिकेकाई-रिठा जरूर करून बघा, दीड-दोन महिने द्या. खाज, खपल्या किंवा गोल चट्टे असतील, केस अचानक झुबक्यानं जात असतील किंवा कपाळ मोठं होत चाललं असेल, तर आधी डॉक्टर, मग प्रयोग. आणि गावात एकाच वेळी खूप जणांचे केस गळत असतील, तर बाटली मोरीत ओतून थांबू नका. आरोग्य केंद्रात कळवा, पाणी आणि धान्य दोन्ही तपासायला लावा.

आजीला मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुया आज्याचंबी असंच होतं, मी तरी कुठं म्हनलं शिकेकाईनं केस येतात? मी म्हनलं डोस्कं साफ होते." खरंच, तिनं तेवढंच सांगितलं होतं. बाकीचं मी ऐकून घेतलं होतं.

तुमच्या घरी डोकं धुवायला काय वापरायचे, माती, ताक, की अजून काही? आजीला विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात काही ऐकवीन. चला, भेटू या. काळजी घ्या!