नक्कल दूरगावी, वाट बोगद्यातून

‘बॅकअप’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. मोबाइल दुरुस्तीला टाकला की दुकानदार आधी विचारतो, ‘बॅकअप घेतलाय ना?’ मला मात्र आपला जुना ‘नक्कल’ हा शब्द अधिक आवडतो. तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल आणणाऱ्या माणसाला नकलेची किंमत समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे कुराणाच्या प्रती घरोघरी असतात, तरीही ते अक्षर न् अक्षर मुखोद्गत असलेले हाफिज असतातच. एक प्रत कागदावर, एक कंठात. नक्कल मुळापासून वेगळ्या जागी हवी, ही समज तशी फार जुनी.

संगणकाच्या बाबतीत आपण नेमकी हीच गोष्ट विसरतो. संगणक टेबलावर आणि त्याची नक्कल टेबलाच्या खणात! 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा टेबल आणि खण असा भेद त्या पाण्याने केला नाही.

म्हणून नक्कल दुसऱ्या गावी ठेवायची. पण मग तिच्याकडे बघणार कोण आणि कसं? माझा पुतण्या हेच काम करतो. कोकणातली एक पतसंस्था, तिच्या हिशेबाची नक्कल कोल्हापूरच्या शाखेत, आणि हा पुण्यात आपल्या घरी. पूर्वी अशा कामासाठी वेगळी पेटीच विकत घ्यावी लागे. आता तीच पेटी निव्वळ सॉफ्टवेअरच्या रूपात मिळते. एखाद्या वाड्यात चार बिऱ्हाडं असावीत, प्रत्येकाची चूल वेगळी, तसं एका दणकट संगणकाच्या पोटात चार स्वतंत्र संगणक नांदतात. त्यांतलं एक बिऱ्हाड या नक्कलनवीसाचं. याला ‘व्हर्च्युअल अप्लायन्स’ म्हणतात. पहिल्या रात्री तो सगळं उतरवून घेतो. पुढे रोज रात्री फक्त बदललेला भाग.

या नक्कलनवीसाला हात-पाय नाहीत, पडदाही नाही. त्याच्याशी बोलायचं ते ब्राउझरमधल्या एका पानावरून. ते पान थेट इंटरनेटवर उघडं ठेवलं, तर तिजोरीचं दार हमरस्त्यावर काढल्यासारखं होईल. जगभरातले भुरटे रात्रंदिवस अशी दारं ठोठावत हिंडत असतात, आणि हे काम त्यांच्यासाठी यंत्रंच करतात. म्हणून दार आतल्या अंगणात ठेवायचं आणि अंगणापर्यंत एक बोगदा काढायचा. त्याचं नाव व्हीपीएन.

बोगदा म्हटलं तरी जमीन कुणी खणत नाही. पुण्याहून निघालेलं प्रत्येक पत्र दुसऱ्या एका बंद लिफाफ्यात घातलं जातं. वाटेवरच्या टपालवाल्याला दिसतो तो बाहेरचा पत्ता, म्हणजे कोल्हापूरच्या कार्यालयाचं फाटक. आतला मजकूर सांकेतिक लिपीत असतो. फाटकावरचा पहारेकरी लिफाफा फोडतो आणि आतल्या पत्त्यावर पत्र पोचवतो. मग पुण्यातला संगणक कोल्हापूरच्याच खोलीत बसल्यासारखा वागू लागतो.

इथे एक गमतीदार अडचण येते. घरातल्या आणि कार्यालयातल्या संगणकांचे अंतर्गत पत्ते बहुधा 192.168 पासून सुरू होतात, आणि बहुतेक जण दुकानातून आलेला आकडा बदलत नाहीत. दोन्हीकडे तोच आकडा असला, की पुण्यातला संगणक म्हणतो, हा पत्ता तर माझ्याच गल्लीतला! तो पत्र घरातच फिरवत बसतो. बोगदा जोडलेला दिसतो, आणि पान काही उघडत नाही. उपाय सोपा आहे. कार्यालयाचे आकडे आधीच वेगळे ठेवायचे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. हा बोगदा हुकूम पाठवण्यासाठी आहे, सामान वाहण्यासाठी नाही. ‘अमुक तारखेचं खातं काढ आणि शेजारच्या सर्व्हरवर मांड’ एवढा निरोप क्षणात जातो, जड काम तिकडच्या तिकडे होतं. पण 300 गिगाबाइटची नक्कल सेकंदाला 10 मेगाबिटच्या जोडणीवरून घरी ओढायची म्हटली, तर जवळजवळ तीन दिवस लागतात. तेही मध्ये काही तुटलं नाही तर.

हा हिशेब पुस्तकी नाही. 27 जून 2017 ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला आणि त्याने मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीचे संगणक निकामी केले. आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कोण कर्मचारी, कुणाला कुठली परवानगी, ही नोंदवही कंपनीच्या सुमारे दीडशे सर्व्हरवर होती. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची नक्कल. पण सगळे एकमेकांना सतत जोडलेले, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का, तर त्या वेळी तिथली वीज गेली होती! वीज गेल्याबद्दल आभार मानायची पाळी माणसावर क्वचितच येते.

आता ती नक्कल इंग्लंडला आणायची होती. शेकडो गिगाबाइटचा ऐवज, आणि घानाची जोडणी इतकी बारीक की कित्येक दिवस गेले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली, आणि तो लंडनला उतरला. कंपनीने आपलं नुकसान 20 ते 30 कोटी डॉलर सांगितलं. ती नोंदवही परत मिळाली ती एका माणसाच्या पिशवीतून.

बोगद्याच्या तोंडाचा धोका निराळा. अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीत 2021 साली चोर शिरले ते व्हीपीएनमधूनच. एक जुनं, वापरात नसलेलं खातं कुणी बंद केलं नव्हतं. त्याला पासवर्ड होता, दुसरी किल्ली नव्हती. खंडणी दिली सुमारे 44 लाख डॉलर. बदल्यात मिळालेलं कुलूप उघडायचं साधन इतकं संथ निघालं, की कंपनीला स्वतःच्या नकलाही कामाला लावाव्या लागल्या. हे चोर आत आले की आधी नकलाच शोधतात. नक्कल पुसली, की मालक खंडणी देण्याची शक्यता वाढते.

म्हणून पुतण्याने बोगद्याची किल्ली आणि नक्कलनवीसाची किल्ली वेगवेगळी ठेवली आहे. पासवर्डखेरीज मोबाइलवर येणारा आकडा द्यावा लागतो. कुणी नोकरी सोडली, की त्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद. शिवाय एक डिस्क दर शनिवारी शाखेतला शिपाई काढतो आणि कपाटात ठेवतो. तिला कुठलीच वायर नाही. घानाची वीज गेली होती, इथे ती मुद्दाम घालवायची.

आणि महिन्यातून एकदा तो एखादं खातं खरोखर परत आणून उघडून पाहतो. नक्कल घेतली गेली, असं हिरवं चिन्ह पानावर रोज उमटतं. पण नक्कल वाचता येते की नाही, हे ते चिन्ह सांगत नाही. परवा मी त्याच्या शेजारी बसलो होतो, तेव्हा त्याने मार्चची खतावणी मागवली. चार मिनिटांनी ती समोर आली. त्याने शेवटची बेरीज संस्थेच्या व्यवस्थापकांना फोनवर वाचून दाखवली, आणि पलीकडून त्यांनी छापील वहीतला आकडा वाचला.