आजीचे गोठ: भरीव की पोकळ?

हेडफोन कानात आहेत ना? मग चालता चालता एक काम करा. जवळच्या भिंतीवर बोटाच्या सांध्याने ठकठक करा, आणि नंतर बाथरूमच्या दारावर. आवाज वेगळा आला? फरशी बसवणारा मिस्त्रीही हेच करतो. फरशीखाली माल नीट भरला नसेल तर ती 'डब्ब' वाजते. कलिंगडवाला हेच करतो. आपण सगळेच लहानपणापासून भरीव आणि पोकळ यातला फरक कानाने ओळखतो.

पण आमच्या घरात हा फरक कुणालाच ओळखता आला नाही, आणि तो बारा ग्रॅम सोन्याचा होता. तीच गोष्ट आज सांगते.

आजीचे दोन गोठ आहेत. गोठ म्हणजे मनगटातली जाडजूड, गोल, साधी बांगडी. आजोबांनी लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा केलेले. मागच्या वर्षी बहिणीच्या ॲडमिशनची फी भरायची वेळ आली आणि आजीनेच ते काढून बाबांच्या हातात दिले. घरी वजन केलं: दोन्ही मिळून ४८ ग्रॅम. बाबांनी मोबाईलवर त्या दिवसाचा भाव बघून हिशोबही मांडून टाकला.

सराफाकडे मशीनवर शुद्धता बरोबर आली, २२ कॅरेट. पण त्याने एक गोठ काउंटरवर हळूच आपटला, ऐकला आणि म्हणाला, "काका, आत लाख आहे. सोनं कमी धरावं लागेल." बाबांचा चेहरा पडला. मशीन खोटं बोललं नव्हतं. ती यंत्रं फक्त वरचा अगदी पातळ थर तपासतात, आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. आणि हॉलमार्कचा ९१६ हा आकडाही सोन्याची शुद्धता सांगतो, दागिना भरीव आहे का ते नाही. (नवा दागिना घेताना बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. हे मला आधी माहीत नव्हतं.)

बाबा घरी आले ते चिडूनच. "त्या वेळच्या सोनाराने अण्णांना फसवलं!" मी म्हटलं, बाबा, थांबा, आधी आपण मोजू.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घेतला. त्यावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवून काटा शून्यावर आणला. मग गोठाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवला, पण तळाला टेकू दिला नाही. अशा वेळी काट्यावर जो आकडा वाढतो तो गोठाच्या वजनाचा नसतो, त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा असतो. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. आर्किमिडीजचं तत्त्व, शाळेत सगळ्यांनी घोकलेलं.

२२ कॅरेट सोनं पाण्यापेक्षा साधारण पावणेअठरा पट जड असतं. म्हणजे २४ ग्रॅमचा गोठ भरीव असता तर आकडा जेमतेम १.४ वाढला असता. आमचा वाढला ६! लाख पाण्याहून थोडीशीच जड, म्हणून तिने जागा भरपूर खाल्ली होती. लाखेची घनता १.२ धरून गणित केलं तर एका गोठात सोनं अंदाजे १८ ग्रॅम आणि लाख ६ ग्रॅम. दोन्ही मिळून सोनं ३६ ग्रॅम. चौथा हिस्सा गेला. सराफाचा अंदाजही तोच होता. तुम्ही करून बघणार असाल तर थंड पाणीच घ्या, गरम पाण्याने लाख मऊ पडते. आणि दागिन्यातून बुडबुडे आले तर लगेच बाहेर काढा, कुठेतरी भोक आहे.

मग हे फसवणं होतं का? इथे खरी मजा आहे. तेवढंच १८ ग्रॅम सोनं घेऊन भरीव बांगडी केली असती तर ती जेमतेम अडीच मिलिमीटर जाड झाली असती. तारच म्हणा ना. आजीचा गोठ सहा मिलिमीटर जाड आहे.

आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. वस्तू वाकवताना मधला भाग फारसं काम करत नाही. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, मध्यावर जवळपास काहीच ताण नसतो. म्हणून तोच माल मध्यातून काढून कडेला नेला तर वस्तू जास्त ताठ होते. उदाहरण घ्या: १ सेंटिमीटर त्रिज्येची भरीव सळई, आणि तितक्याच वजनाची २ सेंटिमीटर त्रिज्येची नळी. नळी वाकायला सातपट ताठ! सायकलची फ्रेम, बांबू, आपल्या मांडीचं हाड, सगळीकडे हाच हिशोब आहे.

पण नळीची भिंत फार पातळ झाली की दुसरीच अडचण येते: पोचा पडतो. नळी आधी चपटी होते आणि मग मोडते. बांबूला ठरावीक अंतरावर पेरं असतात आणि आत आडवा पडदा असतो, तो ही चपटी होण्याची क्रिया अडवतो. (कोकणातला माणगा मात्र जवळजवळ भरीवच असतो, त्याची गोष्ट वेगळी.) आजीच्या गोठाची भिंत माझ्या हिशोबाने पाव मिलिमीटरच्या आसपास आहे. नुसती पोकळ असती तर चार दिवसांत चेपली असती. आत लाख आहे म्हणून टिकली. म्हणजे लाख वजन फुगवायला नव्हती, ती पेराचं काम करत होती. कोल्हापुरी साजाच्या मण्यांतही सोन्याच्या पातळ पत्र्याआड लाखच असते.

अजून एक प्रयोग, घरी कराच. मोठ्या वहीचा उतार करा. त्यावरून एक पेन्सिल सेल आणि एक काचेची बांगडी एकाच वेळी सोडा. बांगडी वाकडी जाते, दोन-तीनदा करावं लागेल. पण सेल पुढे जातो. बांगडीचा सगळा माल कडेला असतो, त्यामुळे तिची निम्मी ऊर्जा नुसतं गोल फिरण्यात जाते. भरीव दंडगोलाची एक तृतीयांश जाते. वजन किती, आकार किती, याने निकाल बदलत नाही. माझा विश्वास बसला नव्हता, म्हणून आईच्या सगळ्या बांगड्या सोडून पाहिल्या.

हे सगळं चाललेलं आजी पलंगावरून बघत होती. शेवटी म्हणाली, "अगं, मला विचारायचं ना. मला माहीत होतं की. सोनाराने ह्यांना दोन्ही दाखवले होते, भरीव आणि लाखेचे. पैसे तेवढेच होते. हे म्हणाले, जाड दिसतील ते घे."

बाबा काहीच बोलले नाहीत. गोठ विकले नाहीत, गहाण ठेवले, ३६ ग्रॅमवर. कमी पडले ते बाबांनी पतसंस्थेतून उचलले. जानेवारीत गोठ सुटून आले. आजीने हातात घालण्याआधी एकाला अंगठ्याने चाचपून पाहिलं. तिथे एक बारीकसा पोचा आहे, पाटा-वरवंटा उचलताना आपटल्याचा. तो तसाच होता.

तुमच्या सेल आणि बांगडीच्या शर्यतीचे व्हिडिओ मला पाठवा. पुढच्या भागात भेटू, तोवर ऐकत राहा.