स्वतंत्र चित्रपटाचा विक्रय : हक्क, महोत्सव आणि प्राप्ती

मोठ्या चित्रसंस्थेच्या भांडवलावाचून निर्माण झालेल्या चित्रपटास ‘स्वतंत्र चित्रपट’ म्हणण्याचा प्रघात आहे. असा चित्रपट परदेशी महोत्सवात गौरविला गेला, की निर्मात्याची विवंचना संपली असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक गौरव, विक्रय आणि प्राप्ती या तीन भिन्न घटना होत. त्यांच्यामध्ये अंतर कसे पडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम विक्रेय वस्तू कोणती, हे निश्चित केले पाहिजे. या व्यवहारात सामान्यतः हस्तांतरित होतो तो चित्रपट दाखविण्याचा हक्क. हा हक्क प्रदेश, माध्यम आणि मुदत अशा तीन प्रकारांनी विभागता येतो. फ्रान्समधील चित्रपटगृहांचा हक्क एकास, तेथील दूरचित्रवाणीचा दुसऱ्यास व जपानचे सर्व हक्क तिसऱ्यास, तेही ठरावीक वर्षांपुरतेच, असे देता येतात. एवढे विखुरलेले ग्राहक एकट्या निर्मात्यास शोधता येत नाहीत. यास्तव विक्री-प्रतिनिधी हा मध्यस्थ निर्माण झाला. निर्मात्याकडून परदेशांचे हक्क विक्रीसाठी घेऊन तो कान (१९५९ पासून), बर्लिन इत्यादी ठिकाणच्या चित्रपट-बाजारांत वितरकांशी करार करतो. गोव्यातही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ मध्ये ‘फिल्म बाजार’ सुरू केला.

महोत्सवाचे आर्थिक कार्य येथेच स्पष्ट होते. अपरिचित भाषेतील, अपरिचित नटांचा चित्रपट घेणे वितरकास धोक्याचे वाटते. जाणकारांनी केलेली निवड तो धोका काही अंशी कमी करते. परंतु नामांकित महोत्सवांना प्रथम प्रदर्शनाचा मान हवा असतो. व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेसाठी चित्रपट अन्यत्र जाहीरपणे दाखविलेला असून चालत नाही. प्रथम प्रदर्शन हे निर्मात्याचे असे भांडवल आहे, की ते एकदाच खर्च करता येते. उतावीळपणे ते लहानशा महोत्सवात वेचले, तर मोठे दार बहुधा बंद होते.

चैतन्य ताम्हाणे यांचे दोन मराठी चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिस येथे ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा व पदार्पणाचा असे दोन पुरस्कार लाभले. १७ एप्रिल २०१५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. अमेरिकेत त्याच वर्षी झाइटगाइस्ट फिल्म्स या वितरण-संस्थेने तो आणला. ही प्रदेशवार वितरणाची रीत होय. ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता व त्यास पटकथेचा पुरस्कार मिळाला. पुढे ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सद्वारे अनेक देशांत एकाच वेळी उपलब्ध झाला. पहिल्या रीतीत व्यवहार अनेक, वसुली सावकाश, परंतु एका प्रदेशातील अपयश दुसऱ्यास बाधत नाही. दुसऱ्या रीतीत व्यवहार एकच असतो. ठोक रकमेचा करार असल्यास पुढे प्रेक्षक कितीही वाढले तरी निर्मात्याचे उत्पन्न वाढत नाही.

आता प्राप्तीचा विचार करू. पूर्वी अडत्याच्या पट्टीत अडत, हमाली, तोलाई वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या हाती पडे. येथील क्रम तसाच आहे. समजा, परदेशी हक्कांपोटी १०० रुपये आले. प्रतिनिधीची दलाली २५ रुपये, जाहिरात, उपशीर्षके, बाजारातील दालन व प्रवास यांचा खर्च ३० रुपये, उरले ४५. भांडवल पुरविणाऱ्यांचे येणे ६० रुपये असेल, तर दिग्दर्शक व अल्प वेतनावर राबलेले सहकारी यांच्या वाट्यास नफ्यातून काहीच येत नाही. वितरकाने दिलेल्या आगाऊ हमी-रकमेचीही तीच कथा. त्यापुढील हिस्सा मिळावयाचा तो वितरकाचा सर्व खर्च वसूल झाल्यावर. त्यामुळे पुष्कळदा पहिली रक्कम हीच अखेरची ठरते.

यात कोणी लबाडी केली असे मानण्याचे कारण नाही. मध्यस्थाचा खर्च खराच असतो व त्याचा धोकाही खरा असतो. तथापि जो रांगेत अखेरचा, त्याने रांग लागण्यापूर्वीच आपल्या अटी घालून घेतल्या पाहिजेत. खर्चाची कमाल मर्यादा करारात नमूद असावी, हिशेब तपासण्याचा अधिकार असावा आणि मुदत संपताच अथवा विक्रीचे प्रयत्न न झाल्यास हक्क परत मिळावेत. या तीन कलमांचा आग्रह पुरस्कारापूर्वी धरणे कठीण असते, हे खरे. परंतु पुरस्कारानंतरचे थोडे दिवसच निर्मात्याच्या शब्दाला बाजारात वजन असते. त्या दिवसांत सत्कार स्वीकारण्याबरोबरच करारही बारकाईने वाचला गेला, तर दुसऱ्या चित्रपटासाठी पुन्हा ऋण काढण्याची वेळ कदाचित टळेल.