श्रमिकांचे करार आणि विदर्भाचा वाटा

दोन सरकारांनी माणसांच्या श्रमाविषयी आपसांत व्यवहार ठरवावा, ही गोष्ट भारताला नवी नाही. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत गिरमिटिया मजुरांची जी निर्यात चालली होती तीही कायद्याच्या चौकटीतच होती. संरक्षक अधिकारी नेमलेले होते, करारपत्रे होती आणि त्यांवर मजुरांचे अंगठेही होते. परंतु अंगठा उठविणाऱ्याला आपण कोठे जात आहोत आणि तेथून परतण्याची वाट कोणती, याची कल्पना क्वचितच असे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये केंद्रीय कायदे कौन्सिलात नाताळसाठी होणारी ही भरती बंद करण्याचा ठराव संमत करून घेतला. पुढे १९१२ मध्ये ही पद्धतीच मुळातून नष्ट करावी, असा ठराव त्यांनी मांडला. तो मात्र फेटाळला गेला. भरती थांबण्यास १९१७ साल उजाडावे लागले.

हा इतिहास आठवण्याचे कारण असे की, सरकारासरकारांतील श्रमकरारांचे युग आता वेगळ्या स्वरूपात पुन्हा अवतरले आहे. भारत आणि जर्मनी यांच्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतर व गतिशीलतेविषयीचा करार झाला. त्यापूर्वी फ्रान्स आणि ब्रिटन यांच्याशी असेच करार झाले होते, तर जपानशी कुशल कामगारांसंबंधी सहकार्याचा दस्तऐवज जानेवारी २०२१ मध्ये झाला. महाराष्ट्रानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी सामंजस्य करार करून, आरंभी दहा हजार कुशल तरुण पाठविण्याचा संकल्प सोडला. परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर, वाहनचालक अशी कामे त्यात अभिप्रेत होती. जर्मनीची लोकसंख्या वृद्ध होत आहे आणि विदर्भातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून दरवर्षी बाहेर पडणारे तरुण कामाच्या शोधात आहेत. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. म्हणूनच या कराराचे स्वागत करावयास हवे आणि म्हणूनच तो बारकाईने तपासावयासही हवा.

पहिला प्रश्न खर्चाचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ च्या संकेतात असे तत्त्व घालून दिले आहे की, खाजगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये. भरतीचा भार ज्याला कामगार हवा त्याने उचलावा. आपल्याकडील १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियमांनी नोंदणीकृत एजंटाच्या सेवाशुल्कावर तीस हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली. तथापि आखाती देशांत जाणाऱ्यांचा अनुभव असा आहे की, खऱ्या रकमेला पावती नसते. शेत गहाण टाकून गेलेल्या माणसाला दोन वर्षे केवळ कर्ज फेडण्यासाठी राबावे लागते आणि अशा माणसाला मालकाविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य उरत नाही. केरळने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या 'नोर्का रूट्स' या संस्थेमार्फत जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेशी जो करार केला, त्यात परिचारिकांच्या भाषाशिक्षणाचा खर्च त्यांच्यावर पडू नये अशी व्यवस्था आहे. महाराष्ट्राला यापेक्षा कमी मान्य करण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा आणि पात्रतेच्या मान्यतेचा. जर्मनीत परिचारिकेला पूर्ण मान्यता मिळावयाची तर साधारणतः भाषेची बी-२ पातळी गाठावी लागते. हे चार-सहा आठवड्यांच्या वर्गाचे काम नव्हे; त्याला वर्षभर लागते, चांगले शिक्षक लागतात आणि त्या काळात घर चालविण्याची सोय लागते. जर्मन शिकविणारी मॅक्सम्युलर भवने मुंबईत आणि पुण्यात आहेत. गडचिरोली किंवा गोंदिया येथील मुलीने एवढ्या दूर जाऊन, खोली भाड्याने घेऊन शिकावे अशी अपेक्षा असेल, तर ही संधी प्रत्यक्षात कोणाच्या पदरात पडणार हे सांगावयास नको.

येथेच नागपूरकरांना आणखी एका कराराची आठवण होणे स्वाभाविक आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने सरकारी नोकऱ्यांत आणि तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे आश्वासन विदर्भाला दिले होते. कलमे चांगली असली तरी त्यांचा हिशेब मागणारी यंत्रणा नसेल तर काय होते, याचा धडा या भागाने दीर्घकाळ गिरविला आहे. दहा हजार जागांपैकी किती उमेदवार कोणत्या जिल्ह्यातून निवडले गेले, किती जणांनी भाषेची परीक्षा दिली, किती प्रत्यक्ष रवाना झाले, हे आकडे जिल्हावार प्रसिद्ध व्हावेत, ही मागणी म्हणूनच रास्त ठरते.

एक आक्षेप असा घेतला जातो की, आपल्याच रुग्णालयांना परिचारिका हव्या असताना त्या परदेशी का पाठवाव्यात? हा आक्षेप निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० मध्ये यासाठी आचारसंहिता स्वीकारली. परंतु त्यावर उपाय मुलींना अडवून ठेवणे हा नव्हे. प्रशिक्षणाच्या जागा वाढविणे, त्यासाठी यजमान देशाकडून साहाय्य मिळविणे आणि रिक्त पदे नियमित वेतनावर भरणे हा आहे. कंत्राटी वेतनावर राबविलेल्या परिचारिकेला देशप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तिसरी गोष्ट संकटसमयीची. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीस आग लागून चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. तेव्हा विमा, वकिलातीची मदत आणि निवासाचा दर्जा या गोष्टी किती जीवनमरणाच्या आहेत हे दिसून आले. परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ मध्ये नव्या परदेशगमन विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. अशा मसुद्यांवर विधिज्ञ बोलतातच. शिक्षकांनी आणि सेवायोजन कार्यालयातील कर्मचाऱ्यांनीही बोलावयास हवे. कारण जाऊ की नको, हा प्रश्न तरुण प्रथम त्यांनाच विचारतो. वेतन किती, राहणे कोठे, मालक बदलता येईल काय आणि तक्रार कोणत्या भाषेत व कोणाकडे करावयाची, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मराठीतून हाती पडल्याखेरीज कोणीही सही करू नये, एवढे जरी प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने शिकविले, तरी गोखल्यांच्या ठरावामागील हेतूचा काही अंश सफल होईल.