दुर्मीळ बर्बन व्हिस्कीचा शोध : साठा, कायदा आणि वाटप

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दुर्मीळ बर्बन व्हिस्कीच्या बाटल्या शोधणे हा गेल्या काही दशकांत एक स्वतंत्र छंद बनला असून काहींच्या बाबतीत तो व्यवसायही झाला आहे. नाणी वा टपाल तिकिटे जमविण्याशी त्याचे वरवर साम्य दिसते. परंतु नाणे पाहिल्याने झिजत नाही, बाटली मात्र उघडली की संपू लागते. ही दुर्मीळता कोठून येते आणि अशा बाटल्या कोणाच्या हाती जातात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुर्मीळतेचे मूळ

१९६४ साली अमेरिकन काँग्रेसने बर्बनला त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. नियमानुसार धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि मद्य आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात मुरवावे लागते. केंटकीतील कडक उन्हाळ्यात पिंपातील मद्याचा काही भाग दरवर्षी उडून जातो. त्याला तेथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. सुमारे २०० लिटरच्या पिंपात वीस वर्षांनंतर निम्म्याहूनही कमी मद्य उरले तर नवल नाही. शिवाय आज मागणी वाढली तरी वीस वर्षे मुरलेले मद्य मिळण्यास वीस वर्षेच लागतात.

यातच खरी मेख आहे. १९७० व १९८० च्या दशकांत अमेरिकन ग्राहक व्होडकासारख्या मद्यांकडे वळला आणि बर्बन पडून राहिली. लुईव्हिलनजीकची स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी १९३५ मध्ये सुरू झाली, १९७२ मध्ये विकली गेली आणि १९९२ मध्ये तेथील उत्पादन बंद पडले. गिऱ्हाईक नसलेल्या काळातील अशा जुन्या साठ्यांतूनच पुढे 'पॅपी व्हॅन विंकल'चा लौकिक उभा राहिला. २००२ पासून हे मद्य बफेलो ट्रेस डिस्टिलरीत तयार होते. नाव तेच असले तरी जुन्या व नव्या बाटलीतील मद्य एक नव्हे, हे अनेक खरेदीदार विसरतात.

जुन्या बाटल्यांची ओळख

गल्लीबोळातील दुकानांच्या मागच्या फळ्यांवर वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या बाटल्या शोधणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग आहे. बाटलीत मद्य मुरत नाही. त्यामुळे ती कधी भरली गेली हे ठरविणे म्हणजे तिची किंमत ठरविणे होय. काचेवर 'पुनर्विक्री वा पुनर्वापरास मनाई' अशा आशयाचा मजकूर उमटविलेला असल्यास बाटली १९३५ ते १९६४ या काळातील समजली जाते. तोंडावरील करपट्टी १९८५ पर्यंतच्या बाटल्यांवर आढळते. 'बॉटल्ड इन बाँड' मद्यासाठी ती हिरवी, इतरांसाठी लाल. माप लिटरऐवजी क्वार्टच्या भागांत दिले असेल तर बाटली बहुधा १९८० पूर्वीची, आणि आरोग्यविषयक सरकारी इशारा छापलेला असेल तर ती १९८९ किंवा त्यानंतरची. लेबलावरील डिस्टिलरीचा नोंदणी क्रमांकही उपयोगी पडतो. स्टिट्झेल-वेलरचा क्रमांक १६ होता. इतिहासाच्या अभ्यासकाने शिलालेखाचा काळ ठरवावा, तशीच ही पद्धती आहे.

वाटपाचा प्रश्न

१९३३ मध्ये मद्यबंदी उठल्यानंतर उत्पादक, घाऊक विक्रेता व किरकोळ विक्रेता अशी त्रिस्तरीय व्यवस्था रूढ झाली. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, ओरेगॉन यांसारख्या काही राज्यांत मद्यव्यापारावर स्वतः राज्याचेच नियंत्रण आहे. तेथे दुर्मीळ बाटल्यांसाठी सोडत काढली जाते व विजेत्याला छापील किमतीस बाटली मिळते. अन्यत्र दुकानदार जुन्या गिऱ्हाइकांना प्राधान्य देतात किंवा किंमत अनेक पटींनी वाढवितात. सोडत अधिक न्याय्य वाटते. पण तीही देखरेखीवाचून निर्दोष राहत नाही. २०२३ मध्ये ओरेगॉनच्या मद्य नियंत्रण यंत्रणेतील काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अशा बाटल्या स्वतःसाठी वळविल्याचे अंतर्गत चौकशीतून उघड झाले. त्यांनी पैसे भरले होते. परंतु नागरिकांना ज्या बाटल्या पाहायलाही मिळत नव्हत्या, त्या पदामुळे सहज मिळाल्या, हाच आक्षेपाचा मुद्दा होता. २०२४ मध्ये फौजदारी चौकशी आरोप न ठेवता संपली. त्याआधी २०१३ मध्ये बफेलो ट्रेसमधून पॅपीची कित्येक खोकी चोरीस गेली होती आणि २०१५ मध्ये नऊ जणांवर आरोप ठेवण्यात आले.

परवान्याशिवाय खाजगी पुनर्विक्री बहुतेक राज्यांत बेकायदा आहे, तरीही ती चालते. केंटकीने त्यातून एक मार्ग काढला. तेथे २०१८ पासून परवानाधारक दुकानदाराला खाजगी व्यक्तीकडून, वितरणातून बाद झालेल्या सीलबंद जुन्या बाटल्या विकत घेऊन विकता येतात. यामुळे आजोबांच्या कपाटातील बाटली उघडपणे बाजारात येऊ शकते. मात्र भाव वाढताच रिकाम्या बाटल्यांनाही किंमत आली. त्यांत स्वस्त मद्य भरून नवे बूच बसविण्याचे प्रकार घडतात. म्हणून सावध संग्राहक शेवटचा घोट झाल्यावर बाटली फोडून टाकतात किंवा लेबलावर पुसली न जाणारी खूण करून ठेवतात.