अँड्रॉइड खुले, पण दाराची किल्ली कोणाकडे?

वाशिम जिल्ह्यातील जऊळका येथील सोयाबीन उत्पादकाला आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर स्वतः करायची असेल, तर भ्रमणध्वनीवर ‘ई-पीक पाहणी’ हे अॅप घ्यावे लागते. राज्य शासनाने २०२१ मध्ये ही योजना राज्यभर लागू केली. अॅप सरकारचे, पीक शेतकऱ्याचे आणि भ्रमणध्वनीही त्याच्याच पैशांचा. मात्र अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर ते अॅप सहसा येते गुगलच्या ‘प्ले स्टोअर’मधून.

अँड्रॉइड ही प्रणाली ‘खुली’ म्हणवली जाते आणि ते खोटे नाही. गुगलने २००५ मध्ये अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली, २००७ मध्ये अनेक कंपन्यांची आघाडी उभारली आणि प्रणालीची मूळ आज्ञावली अपाचे परवान्याखाली सर्वांना मोकळी केली. ती कोणीही घेऊन बदलू शकतो. मेख पुढे आहे. प्ले स्टोअर आणि अनेक अॅप ज्यांच्या आधारे चालतात त्या ‘प्ले सर्व्हिसेस’ या खुल्या भागात मोडत नाहीत. त्यांच्यासाठी उत्पादकाला गुगलशी करार करावा लागतो, आणि प्ले स्टोअरविना भ्रमणध्वनी विकणे भारतात जवळपास अशक्यच.

या चौकटीत एक मराठमोळ्या मातीतला प्रयोग झाला होता. आयआयटी मुंबईच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी अँड्रॉइडवर आधारलेली, भारतीय भाषांना प्राधान्य देणारी प्रणाली तयार केली. ‘फर्स्टटच’ या नावाने ती २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या भ्रमणध्वनीवर आली. पुढे ‘इंडस ओएस’ झाली. तिचे स्वतःचे ‘अॅप बझार’ होते, ज्यासाठी ई-मेल खात्याची गरज नव्हती. ग्रामीण ग्राहकाची अडचण कोणीतरी नेमकी ओळखली होती! परंतु चिनी कंपन्यांच्या लाटेत देशी उत्पादक मागे पडले आणि त्यांच्यावर विसंबलेली प्रणालीही. उरले ते अॅपचे दुकान. २०२२ मध्ये ‘फोनपे’ने ही कंपनी ताब्यात घेतली.

त्याच वर्षी, २० ऑक्टोबर रोजी, भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडसंबंधीच्या अटींवरून गुगलला १ हजार ३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. उत्पादकांवर गुगलच्या अॅपचा संपूर्ण संच लादणे आणि अँड्रॉइडच्या सुधारित आवृत्त्यांना अटकाव करणे, हे आयोगाचे मुख्य आक्षेप होते. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. मात्र आयोगाचे चार निर्देश रद्द केले. इतरांची अॅप दुकाने प्ले स्टोअरमध्ये ठेवू द्यावीत, हा त्यांपैकी एक. दंडाच्या आकड्याने मथळे मिळवले, पण विकासकांच्या दृष्टीने खरा धक्का हाच होता.

फोनपेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘इंडस अॅपस्टोअर’ सुरू केले. ते मराठीसह बारा भारतीय भाषांत असून, स्वतःची देयक व्यवस्था वापरणाऱ्या विकासकाकडून कमिशन घेणार नसल्याचे कंपनीने तेव्हा जाहीर केले. गुगलचा दर बहुतांशी १५ ते ३० टक्के. तथापि भ्रमणध्वनीत आधीच बसवलेले नसेल, तर हे दुकान संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे लागते आणि त्या वेळी पडद्यावर अनोळखी स्रोताबाबतचा इशारा झळकतो. तो वाचून मागे फिरणाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यावा?

प्ले स्टोअरबाहेरून येणाऱ्या अॅपच्या विकासकांनीही आपली ओळख गुगलकडे पडताळून घ्यावी, असा नियम गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केला. फसवणूक रोखणे हे त्यामागचे कारण सांगण्यात आले. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड या देशांत आणि त्यानंतर इतरत्र, असा त्याचा घोषित क्रम आहे.