इंजिन खोलायला सही करण्याआधी
गाडी आणि गिऱ्हाईक : लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात जॉब कार्ड कसं वाचायचं ते पाहिलं. ‘एवढ्याशा कागदावर अख्खा लेख?’ असं ज्यांना वाटलं, त्यांच्यासाठी आजचा भाग.

समजा, घाटकोपरला गाडी सर्व्हिसिंगला टाकली, संध्याकाळी धुऊनपुसून परत आली. चार दिवसांनी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईच्या ट्रॅफिकमध्ये डॅशबोर्डवर किटलीच्या चित्राचा लाल दिवा लागला. ‘सीप्झपर्यंत जाऊ, मग बघू,’ असं आपण मनाशी म्हणतो. इथेच घात होतो. हा दिवा ऑइल किती उरलंय ते सांगत नाही, ऑइलचा दाब गेलाय हे सांगतो. दाब गेला की क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा पातळ थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. आधी टकटक ऐकू येते, मग इंजिन सीझ.

कारण बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक असतं. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट नीट आवळलेला नसतो, किंवा जुनाच वॉशर पुन्हा बसवलेला असतो. तिसरा प्रकार जास्त फसवा. जुना ऑइल फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच चढवला जातो. दोन रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत. दाबाखाली एक सरकते आणि बघता बघता सगळं ऑइल रस्त्यावर.

गाडी टोचन करून वर्कशॉपला पोचते. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो, ‘सर, चेंबरला दगड लागला असेल.’ मग म्हणतो, ‘दिवा लागल्यावरही तुम्ही चालवलीत ना?’ पहिल्या वाक्याला उत्तर सोपं आहे. दगड लागला असेल तर चेंबरवर खूण दाखवा. दुसरं वाक्य मात्र झोंबतं, कारण त्यात थोडं तथ्य असू शकतं. म्हणून दिवा लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचं, आणि दिव्याचा, मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो काढायचा.

यानंतर येतो तो कागद : ‘इंजिन खोलायला संमती. वॉरंटी नाकारल्यास खोलण्याचा खर्च ग्राहकाचा.’ थांबा. न खोललेलं इंजिन हाच तुमचा साक्षीदार आहे. बोल्ट किती सैल होता, फिल्टरखाली रिंगा किती होत्या, डिपस्टिक कोरडी होती का, हे सगळं पाना लागायच्या आतच कळतं. एकदा सुटे भाग ट्रेमध्ये पडले की उरतात फक्त दोघांच्या गोष्टी. खालून फोटो आणि व्हिडिओ घ्या. फिल्टर, बोल्ट आणि उरलेलं ऑइल सीलबंद करून घ्या. मोटार विभागाचा परवाना असलेला विमा सर्व्हेअर पैसे देऊन बोलवा. सही करायचीच असेल तर ‘माझ्या व माझ्या तज्ज्ञाच्या समक्ष, हक्क राखून’ असं हाताने लिहून करा. वर्कशॉपचे लोक नाक मुरडतील, मुरडू द्या.

आता भांडण कुणाशी? वॉरंटी असते ती माल आणि बनावट यांतल्या दोषाची. त्यामुळे कंपनी म्हणते, ‘सर्व्हिसिंग बिघडलं,’ आणि वर्कशॉप म्हणतं, ‘इंजिनच तसं.’ वर्कशॉपच्या दारावर कंपनीची पाटी आहे, मग दोघे एकच, असं आपल्याला वाटतं. गोव्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये वेगळंच सांगितलं. तिथे 2011 ची म्हणून 2009 ची गाडी विकली गेली होती. कंपनी आणि विक्रेता यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला असेल, तर विक्रेत्याचं पाप कंपनीला माहीत होतं हे सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर जबाबदारी येत नाही, असा तो निकाल. म्हणून तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करा, पण भर वर्कशॉपच्या ‘सेवेतील त्रुटी’वर ठेवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं ‘उत्पादन दायित्वा’चं प्रकरण भारदस्त दिसतं, पण त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलंय. इंजिनासाठी ते कामाचं नाही.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या लोकांसाठी उपनगर जिल्हा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. वर्कशॉप कुठेही असो, आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. मुदत दोन वर्षांची, आणि ‘बघतो, कळवतो’ ऐकत ती कधी सरते ते कळत नाही. आधी लेखी नोटीस द्या, 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा. मार्ग सापडत नसेल तर 1975 पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत विलेपार्ल्यातच आहे.

‘बाहेरच्या गॅरेजात नेली म्हणून वॉरंटी गेली,’ असंही काहींना ऐकवलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावताना सरसकट वॉरंटी रद्द करायला मनाई केली होती. बाहेरच्या दुरुस्तीमुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं आयोगाचं म्हणणं. कंपन्या अर्थातच वर दाद मागायला गेल्या. तरी गल्लीतल्या मेकॅनिकने वायपर बदलला म्हणून इंजिनाची वॉरंटी नाकारणाऱ्याला हा आदेश दाखवायला हरकत नाही.

ऑइलऐवजी इंजिनात पाणीच शिरलं तर? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाण्यात बुडालेली गाडी चालू करायला चावी फिरवली, की भांडण वर्कशॉपशी न राहता विमा कंपनीशी सुरू होतं. त्या चावीबद्दल पुढच्या आठवड्यात.